पंचिंग मशीन सापडलं का?

सरांचं पुस्तक सहाव्या आवृत्तीला लागलं होतं. त्याचं श्रेय सर नम्रपणे स्वतःकडेच घेत. खरं तर ते तिसऱ्या प्रकरणाचं होतं. समाजशास्त्रातले तीन मोठे दृष्टिकोन विद्यार्थ्यांना समजत नाहीत, आणि शिकवणाऱ्यांना समजले तर सांगता येत नाहीत. सरांनी तिन्ही एकाच उदाहरणात बसवले होते.

एका कॉलेजच्या विभागातून पंचिंग मशीन नाहीसं होतं. कागदाला दोन भोकं पाडणारं, साधं. कपाटाच्या चाव्या शिपायाकडे, म्हणून संशय शिपायावर. प्रकार्यवादी म्हणतो, बरंच झालं की! एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे प्राध्यापक संशयाच्या निमित्ताने एकत्र चहा पिऊ लागले, विभाग एकजीव झाला. संघर्षवादी म्हणतो, संशय पाण्यासारखा असतो, उताराकडेच वाहतो. विभागप्रमुखाच्या खुर्चीकडे तो चढलेला कोणी पाहिलाय? आणि प्रतीकात्मक आंतरक्रियावादी (हा शब्द एका दमात म्हणणाऱ्याला सर तोंडी परीक्षेत एक गुण जास्त देत) म्हणतो, चोरी झाली की नाही ते सोडा. लोक त्या माणसाला काय म्हणतात, आणि ऐकता ऐकता तो स्वतःला काय समजू लागतो, ते बघा.

उदाहरणातला शिपाई खरा, सरांच्याच विभागातला होता. त्याला कोणी चोर म्हटलं नाही. सगळी सुशिक्षित माणसं. हेडक्लार्कने फक्त कपाटाची चावी काढून घेतली, आणि पोरांनी नाव ठेवलं, 'पंच'. दोन-तीन वर्षांनी आलेल्या पोरांना नावामागचं मशीन ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, हे तंटे सोडवणारे पंच. बाकावरून भांडण झालं, कुणाची सायकल कुणावर पडली, की 'चला पंचांकडे'. शिपायाने आधी टाळलं, मग एक-दोन निकाल दिले, ते पटले. चौदा वर्षांत प्राचार्यांपेक्षा त्याच्या शब्दाला वजन आलं. सर यावर पाचव्या आवृत्तीत तळटीप घालणार होते.

घातली नाही. कारण मशीन सरांच्या घरी, माळ्यावर, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं होतं.

चोरलं नव्हतं हो. पहिल्या दोन प्रकरणांच्या कागदांना भोकं पाडायला सरांनी ते घरी आणलं, साफ विसरले, आणि ते हरवलं म्हणून तिसरं प्रकरण लिहिलं. पुस्तक बाजारात आल्यावर मशीन उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडलं. सर ते पिशवीत घालून दारापर्यंत गेलेही होते. तेवढ्यात प्रकाशकाचा फोन आला: दुसरी आवृत्ती काढतोय, तिसऱ्या प्रकरणाला अजिबात हात लावू नका. सरांनी आज्ञा पाळली.

निवृत्तीनंतर सरांना दुपारची झोप लागेना. बायको म्हणे, "माळ्यावर निजा, तिथे सोबत आहे."

आणि एके दिवशी सकाळी पंचांची मुलगी पुस्तक छातीशी धरून दारात उभी राहिली. एम.ए.ला समाजशास्त्रच घेतलेलं.

"सर, बाबा या महिनाअखेर रिटायर होतायत. तुम्ही दोन शब्द बोलायला यायचं, असं सगळ्यांनी ठरवलंय."

"येईन ना, येईन."

"आणि सर, तिसरं प्रकरण मी बाबांना वाचून दाखवलं. म्हटलं, बाबा, हे अगदी तुमच्यासारखंच आहे. तर म्हणाले, शिपाई सगळीकडे सारखेच." ती हसली. "पण गोष्ट अर्धीच आहे म्हणाले. मशीन शेवटी सापडलं का, ते सरांना विचारून ये."

सरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. चौदा वर्षांत हजारो विद्यार्थ्यांनी ते उदाहरण पाठ केलं होतं. त्यावर दोन परिसंवाद झाले, एक प्रबंध झाला. हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता.

"तो प्रश्न..." सर म्हणाले, "उदाहरणाच्या कक्षेबाहेरचा आहे."

मुलीने ते वहीत लिहून घेतलं. सरांना तिच्या हातातलं पेन काढून घ्यावंसं वाटलं.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "शिडी लावून ठेवलीय."

संध्याकाळी पंच आपल्या घरी, दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत खाकी शर्टाला बटण लावत बसले होते. शेवटच्या दिवशी शर्ट धड असावा, म्हणून. सरांना बघून गडबडीने उठले.

"सर! निरोप धाडायचा, मी आलो असतो."

सरांनी येताना वाटेत तयार केलेलं भाषण होतं. त्यातलं एकही वाक्य जागेवर सापडेना. त्यांनी पिशवीतून मशीन काढून टेबलावर ठेवलं.

पंचांनी ते ओळखलं. बाजूला विभागाचं नाव पांढऱ्या रंगाने त्यांनीच घातलं होतं.

"माझ्याकडे होतं," सर म्हणाले. "पहिल्यापासून. मला कळलं तेव्हाही मी बोललो नाही. पुस्तक चाललं होतं." मग मशीन पंचांकडे सरकवत, "तुम्ही सगळ्यांचे निकाल देता. माझाही द्या."

"स्वतःच्याच खटल्यात मी कसा पंच होणार?" पंच खाली बसले. सुई त्यांच्या बोटांत तशीच होती. "गंमत सांगू का, सर? मी घेतलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण सगळे तसे बघायला लागल्यावर वाटायला लागलं, माझ्याच हातून कुठेतरी पडलं असणार. कपाट उघडं राहिलं असणार. चौदा वर्षं रोज विभागाचं कुलूप लावून परत जाऊन ओढून बघतो. घरचंसुद्धा."

हे तर तिसऱ्या प्रकरणातलं शेवटचं पान होतं. सरांनी ते अंदाजाने लिहिलं होतं. आता पुरावा मिळाला. त्यांना कळायच्या आत त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

पंचांनी ते पाहिलं.

"लिहा, सर. पण या वेळी मशीन कुठे होतं ते आधी लिहा. पुस्तकातले ते तिघे काय म्हणतात, ते मागून." मग आवाज उतरला. "आणि पोरीला तुम्हीच सांगा. माझ्याकडून नको. तिने तुमच्या पुस्तकाला कव्हर घातलंय."

सरांनी मान हलवली. काहीतरी करायचं म्हणून पंचांनी मशीन उचलून दाबून बघितलं. तळाची झाकणी निसटली, आणि चौदा वर्षांपूर्वीच्या पहिल्या दोन प्रकरणांच्या बारीक गोल टिकल्या स्वच्छ पुसलेल्या फरशीवर पसरल्या.

सवयीने पंच केरसुणी आणायला उठले.

"बसा," सर म्हणाले. "मी काढतो."

ते उठले खरे, पण केरसुणी कुठे असते हे त्यांना माहीत नव्हतं. घरीही नव्हतं. शेवटी गुडघे टेकून एकेक टिकली बोटाला थुंकी लावून ते वेचू लागले. पंच वरून बघत होते. त्यांनी नको म्हटलं नाही.

"तिथे," थोड्या वेळाने पंच म्हणाले, "टेबलाखाली बऱ्याच राहिल्यात."