अपोझिट सांगा

गल्लीत त्यांना सगळे डिक्शनरीकाका म्हणत आणि काकांना ते कौतुक वाटे. अख्खी नोकरी त्यांनी दुसऱ्यांची इंग्रजी पत्रं लाल शाईने रंगवण्यात घालवली. माणूस जोखायची त्यांची एकच रीत होती, त्याला इंग्रजी शब्दाचा अपोझिट विचारायचा. नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर सिंकखाली आडवा पडला होता, तेव्हा त्याला त्यांनी 'व्हर्टिकल'चा अपोझिट विचारला. बिचारा पाना तिथेच टाकून पळाला. बायकोची परीक्षा लग्नानंतर लगेच झाली होती. तिला 'जनरस'चा अपोझिट आला नाही, आणि "तुला नाही जमायचं" हे वाक्य तेव्हापासून त्या घरात मुक्कामालाच आलं.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीने एका शिंप्याच्या प्रेमात पडावं! काका पेटलेच. "गळ्यात टेप घालून हिंडणाऱ्याला मी मुलगी देऊ?" मुलगी रडली, भांडली, जेवण सोडून पाहिलं. बायकोने तिचं ताट झाकून ठेवलं. शेवटी काकांनी मोठ्या दिलदारपणे जाहीर केलं, मुलाने माझ्यासमोर परीक्षा द्यावी. पास झाला तर लग्न, नाहीतर पुन्हा आमचा जिना चढायचा नाही.

शिंपी आला. कडक इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्याच्या अगदी काठावर बसला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"फुल?" काकांनी चष्मा चढवला.

"हाफ."

"हाफ? अरे, एम्प्टी!"

"काका, बाह्या एक तर फुल असतात नाहीतर हाफ. एम्प्टी कुणी शिवून घेत नाही."

मुलगी फिस्सकन हसली. काकांनी तिच्याकडे डोळे वटारले.

"लाइट?"

"डार्क."

"चूक! हेवी." काकांच्या मनात हेवी होता, म्हणजे हेवीच. "लूज?"

"फिटिंग."

काकांनी कपाळावर हात मारला, पण मनात उकळ्या फुटत होत्या. खरं सांगायचं तर शिंप्यावर त्यांचा राग नव्हताच. पोरगी गेल्यावर या घरात चुका काढायला एकटी बायकोच उरेल, याची त्यांना धास्ती होती.

"शेवटचा प्रश्न. सिंगल?"

आता हा चादरीसारखं 'डबल' म्हणणार, म्हणून काका टपून बसले. शिंप्याने मुलीकडे पाहिलं. मुलीने आईकडे.

"मॅरिड," शिंपी हळूच म्हणाला.

काका चाट पडले. "अरे वा! हे बरं आलं?"

"कालच आलं, काका. रजिस्ट्रारच्या ऑफिसात."

काकांनी आ वासला तो वासलाच. मुलगी त्यांच्याजवळ येऊन बसली, त्यांचा हात धरला. तिचे डोळे भरले होते. "बाबा, तुम्हाला विचारायचं होतं हो. पण तुम्ही विचारू देता कुठे? तुम्हीच विचारत बसता."

"आणि साक्षीदार?" काकांचा आवाज चिरकला. "साक्षीला कोण उभं राहिलं?"

बायको हात पुसत पुढे आली.

"मी," ती म्हणाली. "सही इंग्रजीत केली. तिथल्या साहेबांनी एकही चूक काढली नाही."