बोळातला तिरका आरसा

ज्या माणसाने उभा जन्म ताटलीएवढ्या आरशात दाढी केली, त्याला अचानक घरासाठी दोन मोठे आरसे हवेसे झाले, तेव्हाच शिवणवालीच्या मनात पाल चुकचुकली.

"घराला शोभा येते," नवरा म्हणाला.

शोभा! बाटल्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता तो. निवृत्त होऊन घरी बसल्यापासून त्याला घरात एकच गोष्ट दिसायची, ती म्हणजे चूक. मिठाचा डबा डावीकडे का, बादली पालथी का, "हे इथं कोणी ठेवलं?" तिच्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका आपापसांत त्याला इन्स्पेक्टर म्हणायच्या. आणि हा माणूस आता शोभा आणायला निघाला होता.

त्यातून त्याची खुर्ची चालायला लागली होती. इतकी वर्षं ती बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी असायची. हल्ली ती रोज वीतभर सरकत बोळाच्या तोंडाशी येऊन ठेपली होती. "उजेड डोळ्यांवर येतो," म्हणे. पेपर वाचणाऱ्या माणसाला उजेड नको? तिने विचारलं नाही. विचारलं की हा सावध होतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती तोंड मिटून राहिली आणि डोळे उघडे ठेवले.

बोळाच्या शेवटी डाव्या हाताला तिची शिवणाची खोली. मशीन, कापडं कापायचं टेबल, माप घ्यायची जागा आणि दाराच्या जागी नुसता पडदा. आत पंखा लावला की पडदा फडफडून बाजूला व्हायचा. आजवर त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं, कारण बाहेरच्या खोलीतून बोळाची कोरी भिंत सोडली तर काही दिसत नसे. त्या भरवशावर बायका आत कपडे उतरवून मापाला उभ्या राहायच्या. तिच्या शिलाईचं कौतुक होतंच, पण बायका लांबून यायच्या त्या या भरवशासाठी.

सुट्टीच्या दिवशी दोघं आरशांच्या दुकानात गेली. काचवाला गुळगुळीत बोलणारा. "या साहेब, या वहिनी! हा बघा, यात माणूस बारीक दिसतो."

"मग तुम्ही रोज यातच बघता वाटतं," ती म्हणाली. काचवाल्याने पोट आत घेतलं.

तिने शिवणाच्या खोलीसाठी एक उभा, लांब आरसा पसंत केला. पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत दिसेल असा. नवऱ्याने त्याकडे नीट पाहिलंही नाही. तो आडव्या आरशांपाशी रेंगाळत होता. खिशातून टेप काढून मोजत होता, एक डोळा मिटून बघत होता.

"हा कुठे लावायचा?" तिने विचारलं.

"बोळाच्या टोकाला. समोरच्या भिंतीवर. बोळ मोठा वाटतो." मग तो काचवाल्याकडे वळून आवाज बारीक करून म्हणाला, "याला उजव्या कडेला मागून लाकडाचा ठोकळा लावून मिळेल का? ही कड जरा पुढे हवी. वीतभर."

"म्हणजे तिरका?" काचवाला हसला. त्याने बोट वर केलं. गल्ल्याच्या वर, छताच्या कोपऱ्यात एक आरसा असाच तिरका टांगलेला होता. "तसा का? तो आम्ही मागच्या कपाटांवर नजर ठेवायला लावलाय, साहेब. चोरट्यांसाठी. घरात कशाला?"

नवऱ्याचे कान लाल झाले. "शोभेसाठी," तो पुटपुटला.

शिवणवालीला सगळं एकदम दिसलं. खुर्ची, बोळ, ठोकळा, पडदा, पंखा. पण आरडाओरडा तिने केला नाही. तिने स्टूल ओढून आणलं.

"अहो, बसा यावर. ही तुमची खुर्ची. दादा, तुम्ही तो आरसा धरा जरा. असा नाही, यांना हवा तसा. तिरका." आणि ती स्वतः डावीकडच्या मोठ्या कपाटाच्या आडोशाला जाऊन उभी राहिली, मापाला बायका उभ्या राहतात तशी.

"वहिनी, हात भरून आला माझा," काचवाला म्हणाला.

"धरा हो. अहो, दिसते का मी?"

नवऱ्याने चष्मा सारखा केला.

"दिसते का?"

उत्तराची गरजच नव्हती. आरशात तिला त्याचा चेहरा दिसत होता. कपाळ, चष्मा, चोरासारखे दोन डोळे. चांगला हिशोबी सुपरवायझर, पण आपल्याला आरशात जो दिसतो त्याला आपणही दिसतो, एवढं काही त्याच्या टाळक्यात आलं नव्हतं.

ती आडोशातून बाहेर आली. तोंडातलं 'अहो' गळून पडलं. "बायका बघायच्या होत्या तुला? या वयात? माझ्या भरवशावर माझ्या घरात उघड्या होणाऱ्या बायका?"

"शी! काय बोलतेस!" तो ताडकन उठला. "मला काय करायच्यात बायका? मला... तुम्ही हसता!"

"काय?"

"मी बाहेर येऊन बसलो की आत हसता. दाबून दाबून. रोज. कोणाला हसता ते बघायचं होतं मला. कारखान्यात माझ्यापुढे हसायची कोणाची छाती नव्हती."

काचवाल्याने आरसा हळूच खाली ठेवला आणि एका स्वच्छ काचेवर जोरजोरात फडका मारायला लागला.

त्या हसायच्या, हे खरं होतं. ती स्वतः कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून "हे इथं कोणी ठेवलं?" म्हणायची, आणि बायकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पण त्यामुळे तिला त्याची दया आली नाही. बायको हसली म्हणून नवरा मरत नाही. उघडी पाठ चोरून पाहिली गेल्याचं कळलं, की बाई पुन्हा त्या घराची पायरी चढत नाही, आणि दुसऱ्या चारजणींना चढू देत नाही. या माणसाने भिंत मोजली, ठोकळा मोजला, आणि तिथे बायका कपडे उतरवतात एवढंच नेमकं त्याला आठवलं नाही म्हणे! तो खरं बोलत असेल. खोटंही बोलत असेल. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही तिला सांगता येईना, आणि याचाच संताप तिला जास्त आला.

"आम्ही तुलाच हसतो," ती म्हणाली. "कळलं? आता आरसा नको. दादा, तो उभा तेवढा बांधून द्या. आणि दार बसवणारा सुतार ठाऊक असेल तर सांगा."

"दार कशाला?" नवरा म्हणाला. "बरं, दार घे. पण कडी बाहेरून ठेव."

तिने त्याच्या खिशातला टेप काढून घेतला. त्याने मान खाली घातली.

दार बसलं. कडी आतून. पहिली आली ती नर्सबाई, गणवेशाच्या मापाला. उंच, तोंडाळ, कोणाला न घाबरणारी.

"अगंबाई, दार! आणि हे कशाला, मावशी?"

"वारा येतो," शिवणवाली म्हणाली.

बाहेरून आवाज आला, "वारा कुठून येणार? खिडकी बंद केलीय मी."

नर्सबाईचा हात बटणावर थांबला. तिने दाराकडे पाहिलं, मग शिवणवालीकडे. "काका ऐकत बसतात?"

आता सारवासारव करता आली असती. वाऱ्यात आणखी थोडी धूळ मिसळली की झालं. शिवणवालीने टेप टेबलावर टाकला आणि सगळं सांगून टाकलं. तिरका आरसा, ठोकळा, स्टूल, हसणं. आवाज मुद्दाम मोठा ठेवला. बाहेर पेपर एकदाही सळसळला नाही.

नर्सबाईने उघडलेली बटणं पुन्हा लावली. ही चालली, शिवणवालीला वाटलं. हिचं जाणं म्हणजे हिच्या दवाखान्यातल्या सगळ्याच जणींचं जाणं.

पण नर्सबाई घरी गेली नाही. कडी काढून ती तरातरा बोळातून बाहेर गेली.

"उठा, काका."

"का?"

"उठा म्हणते ना."

तो उठला. ती त्याच्या खुर्चीत बसली. डावीकडे वाकली, उजवीकडे वाकली. बोळाच्या भिंतीवर आरसा आहे का पाहिलं, फोटोची काच, कॅलेंडर, खिळासुद्धा पाहिला. "मावशी, दार लावा!" ती ओरडली. मग पुन्हा वाकून पाहिलं. उठली, दाराच्या फटीवर बोट फिरवलं, बिजागऱ्या चाचपल्या. इन्स्पेक्टर भिंतीला टेकून बघत राहिला होता. जन्मभर तो लोकांची तपासणी करत आला. त्याची तपासणी पहिल्यांदाच होत होती.

नर्सबाई आत आली, कडी घातली, ती हलवून पाहिली. मग पुन्हा बटणं काढली आणि दोन्ही हात बाजूला पसरले.

"घ्या माप," ती म्हणाली. "आणि पंखा लावा, उकडतंय."