खंडेनवमीचा रेडिओ

त्र्याऐंशी साली आमच्या रत्नागिरीच्या शाळेत नववीला इलेक्ट्रॉनिक्स हा ऐच्छिक विषय निघाला. मी तिथे चित्रकला शिकवायचो, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडलंय. कोणाला खोटं वाटलं तर माझा इलाज नाही.

विषयाला मुलगी एकच, राही. बाप भागोजी मच्छीमार. तिचा हात असा, की कथलाचा डाग दिला तर मुंगीला त्यात तोंड दिसावं. रेडिओचा सांगाडा तिनेच जोडला होता. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येणार, रेडिओ बोलला तर विषय राहणार, नाहीतर वर्गाला कुलूप. आणि भागोजीने सांगून ठेवलं होतं, वर्ग बंद तर शाळाही बंद, आईबरोबर मासळीबाजारात बसायचं.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची म्हणून राहीने रेडिओलाही हळदकुंकू वाहिलं. वर नारळ फोडून त्याचं पाणी उघड्या सांगाड्यावर शिंपडलं. रेडिओ खरखरला आणि गप्प झाला.

हा विषय शिकवणारे गंगाराम सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अगो, हा काय गणपती आहे?"

"आमच्या होडीच्या इंजिनाला चालतं, सर."

सरांनी तिला वायरी आणि नारळपाणी यांचं वैर समजावलं. ती रडली नाही. दवाखान्यातून स्पिरिट आणून तिने सांगाडा धुतला आणि सड्यावरच्या, म्हणजे वरच्या उघड्या माळावरच्या, कातळावर वाळत घातला. त्या ऑक्टोबरात कातळ असा तापला होता, की वरून उडणारा कावळा भाजून खाली यावा. दसऱ्याच्या दिवशी लोक सोनं वाटत होते, ही मीटरच्या दोन सुया घेऊन एकेक सांधा तपासत होती.

साहेब आले तरी रेडिओ मुकाच. साहेबांनी घड्याळ पाहिलं. राहीने एवढंच विचारलं, की चहा होईपर्यंत थांबाल का. मग तिने स्टेशन फिरवायच्या कंडेन्सरच्या पात्यांत डोळा घातला. दोन पात्यांमध्ये भिजून वाळलेल्या कुंकवाची गुठळी अडकली होती. कोंबडीचं पीस स्पिरिटात बुडवून तिने ती काढली, फुंकर मारली, बटण दाबलं.

आवाज असा उसळला, की मिऱ्याच्या बंदरातून सुटायला निघालेल्या होड्यांनी हवामानाचा इशारा ऐकून पुन्हा नांगर टाकले. मी तर खडूच्या धुळीत शिंकत होतो, ती शिंकसुद्धा कोणाला ऐकू आली नाही.

"बिघाड कोणी काढला?" साहेबांनी ओरडून विचारलं.

"जिने केला तिनेच," सर म्हणाले.

साहेबांनी ते पीस उचलून उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, विषय चालू ठेवा, मात्र पुढच्या वर्षी पूजा झाकण लावून करा. एवढं बोलून त्यांनी हळूच पिशवीतून स्वतःचा ट्रान्झिस्टर काढला. कोल्हापुरात दोघा कारागिरांनी हात टेकले होते म्हणे. चहाला उकळी फुटायच्या आत राहीने त्याचं झाकण उघडलं होतं.