दोन वाव पाणी

शाळेच्या नकाशात समुद्र म्हणजे नुसता निळा रंग. तिरोड्याच्या दुकानात मी तसले तीन नकाशे पाहिले आणि तिन्ही परत केले. पाणी किती खोल, बुडाशी गाळ की खडक, काही म्हणजे काही नाही. मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं चोरखमाऱ्याच्या तलावावर चौकीदार होतो. जातीनं कोहळी, तलाव बांधणं आमच्या बापजाद्यांचं काम. पाण्याची खोली न सांगणारा नकाशा मला कोणी फुकट दिला तरी नको.

माझा मुलगा हिमांशु मालवाहू बोटीवर लागला, तेव्हाची ही गोष्ट. शेवटी जवळच्याच गोरेगावच्या धनेंद्र गुरुजींनी, भूगोलाचे रिटायर मास्तर ते, इंटरनेटवर इंग्रजांच्या काळातला एक नकाशा शोधला. हिमांशुची बोट जिथून ये-जा करी ती मलाक्काची सामुद्रधुनी, दीडशे वर्षांपूर्वीची. गोंदियात वाढदिवसाचे बॅनर छापतात त्या दुकानातून तो फ्लेक्सवर छापून आणला. मी पाहिला आणि खूश झालो. जमीन कोरी, आणि पाणी आकड्यांनी गच्च भरलेलं!

"साहेब लोक दोरीले शिसं बांधून सोडत," गुरुजी म्हणाले. "हे आकडे वावांचे आहेत."

एक वाव म्हणजे दोन्ही बाजूंना पसरलेले हात, या बोटांपासून त्या बोटांपर्यंत. कोपरानं मोजलं तर चार हात. मीही डोंग्यात बसून गाठी मारलेली दोरी अशीच तलावात सोडत असे. साहेबांनी समुद्र राज्यासाठी मोजला की व्यापारासाठी, ते त्यांचं त्यांना माहीत. मोजला मात्र नीट.

माझी बायको सुशीला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या टिकल्यांचं एक पाकीट आरशामागं राहिलं होतं. दर रविवारी सकाळी दहाला हिमांशुचा फोन येई. तो ठिकाण सांगे आणि मी नकाशावर तिथं लाल टिकली लावी. गावातलं कोणीही आलं की त्याला भिंतीपुढं उभं करून सांगे, हा पाहा माझा पोरगा. हे मी फार केलं, मान्य आहे. पण बाकीचे सहा दिवस घरात माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं.

माघातल्या एका रविवारी मी नेहमीसारखं विचारलं, "कुठी आहेस बाबू?"

"मुआर बंदरापाशी, बाबा. नांगर टाकून उभे आहो. किनारा दिसून राहिला."

फोन ठेवून टिकली लावायला गेलो. मुआरच्या किनाऱ्याला लागून आकडा होता दोन. दोन वाव, म्हणजे आठ हात पाणी. हिमांशुची बोट पाण्याखालीच पंचवीस हात असते, हे त्यानंच मला सांगितलं होतं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोनच.

गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "नकाशा जुना आहे परसरामजी. आता खोदलं असन."

"कोण खोदते?" मी भडकलो. एका तलावाचा गाळ काढा म्हणून अर्ज करकरून मी रिटायर झालो. समुद्राचा गाळ काढायला कोण बसलंय? दीडशे वर्षांत गाळ वाढतो, कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर ओमेशला गाठलं. तो हिमांशुच्या वर्गातला, नागपूरच्या एसटीवर कंडक्टर. "हिमांशुची बोट कुठी आहे रे?" एवढंच विचारलं. तो उगाच तिकिटाचं मशीन दाबत राहिला.

"काका, तुमाले मालूम नाई का?" तो शेवटी म्हणाला. "थो त नागपूरलेच आहे, वाडीच्या गोदामात. चार महिने झाले. बोटीवर त्याले लई उलट्या होत. बाबाले सांगू नोको, म्हणे."

बहुतेक गावाला ठाऊक होतं. माझ्या फ्लेक्सपुढं उभे राहून बिचारे माना डोलावत होते.

घरी आलो आणि जेवलो नाही. नागपूर! तिरोड्याहून रेल्वेनं दोन तास. पोरगा समुद्रात होता तेव्हा तो येऊ शकत नव्हता, ते मला सोसत होतं. नागपूरहून तो येत नव्हता. आणि येणार तरी कोणत्या तोंडानं? भिंतभर समुद्र टांगून गावाला दाखवणारा मीच. त्यानं मोबाइलच्या नकाशात नाव पाहिलं असेल आणि बोट तिथं उभी केली असेल. त्या नकाशातही पाणी नुसतं निळंच.

रविवारी खडसवायचं ठरवलं. शब्दही जुळवून ठेवले. पण खोटं उघडं पडल्यावर तो लाजेनं फोन करायचाच बंद झाला तर? 'घरी ये' म्हणावं, असंही दहा वेळा मनात आलं. पण ये म्हटलं आणि तो आला नाही, तर मग माझ्याकडं समुद्राचं निमित्तही उरलं नसतं. मला भीती वाटली, खरं सांगतो. तलाव फुटायला आला तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

रविवारी दहाला फोन आला.

"अजून मुआरपाशीच आहो, बाबा."

त्याच्या मागं कुकरची शिट्टी झाली.

"तेथी नोको उभा राहू बाबू," मी म्हणालो. "तेथी दोनच वाव पाणी आहे. बोट गाळात बसते. जरासा पश्चिमेकडं घे. सत्तावीसचा आकडा आहे, तेथी उभी कर."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"किती म्हणलं?" त्यानं हळूच विचारलं.

"सत्तावीस."

"नेतो, बाबा."

मुआरची टिकली मी नखानं सोडवली आणि सत्तावीसवर लावली. तिचा गोंद गेला होता, चिकटेना. मग अंगठ्यानं दाबून धरली. तो फोन ठेवत नव्हता. मीही ठेवला नाही.