होळीआधीचा टोल

मित्रांनो, मी रुळाचा एक जुना तुकडा आहे. लोखंडाचा असूनही भित्रा आहे. हसलात तरी चालेल.

तरुणपणी मी नेरळहून माथेरानला चढणाऱ्या छोट्या गाडीखाली राबलो. झिजलो तेव्हा मला कापलं आणि माझा हातभर तुकडा कर्जतकडच्या राखीव जंगलाच्या चौकीवर आला. चौकीपुढच्या आंब्याला मला टोल म्हणून टांगत आणि वणवा दिसला की बडवत. त्यामुळे माझा आवाज घुमला की आधी मीच घाबरायचो. वाडीतली माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन धावत. आग विझली की चांगो गार्ड मला थोपटून म्हणे, "वाचवलंस रं गड्या." त्या एका शब्दावर माझं वर्ष निघायचं.

पावसाळ्याच्या तोंडी मला तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवत. होळी झाली की नारळ फोडून पुन्हा टांगत. त्याआधी टोल बांधणं म्हणजे आगीला आवतण देणं, असं सगळेच मानत.

एका साली पाऊस नवरात्राआधीच आटोपला. थंडी पडलीच नाही. माघातच कौलं तापू लागली आणि मी अजून माळ्यावरच होतो. खाली वाडीतली पारू चांगोशी बोलत होती.

"चांगोदादा, गवत पापडावानी मोडतंय. टोल बांध."

"होळी लागू दे गं. आधीच बांधून इडापिडा कशाला बोलवायची?"

"तुला भ्या नाय वाटत?"

"वाटतं. म्हणून तर बांधत नाय."

पारू मोळी आणायला रानात गेली. दुपारी धुराचा वास आला. चांगो धडपडत माळ्यावर चढला. माझी दोरी उंदरांनी कुरतडली होती. त्याने मला ओट्यावर टाकून हातोडीने बडवलं, पण रूळ लोंबकळला तरच बोलतो. मी नुसता ठकठक करत राहिलो. पारू रानात आहे हे मला माहीत होतं आणि माझ्या तोंडून आवाज फुटत नव्हता. शेवटी चांगोने कमरेचा पट्टा सोडून मला फांदीला बांधलं. मी जीव तोडून वाजलो.

वाडी धावली. पारूला बाहेर आणलं तेव्हा तिची पावलं भाजून निघाली होती. चांगोला तिच्याकडे बघवेना.

"पुढल्या साली होळीला नको," ती म्हणाली, "गवताला इचार."

तेव्हापासून दसरा झाला की वनखात्याचे साहेब, चांगो आणि वाडीची माणसं रानात फिरतात, गवत मुठीत चुरगळून बघतात. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, कधी काढायची, कुठल्या टेपाडावर राखण बसवायची, ते त्यावरून ठरतं. हवा पूर्वीसारखी वागत नाही, याची मला रोज धास्ती वाटते.

मला आता कधीच उतरवत नाहीत. पावसात गंजून माझे पोपडे निघतात. पारू लंगडत पाण्याला जाते आणि जाताना मला टिचकी मारून बघते, वाजतो ना म्हणून.

मित्रांनो, रान जपायचं तर भीती वेळेवर बाळगा. मला तेल नको, नारळही नको. गंजलो तरी चालेल, फक्त टांगलेला राहू द्या.