शिंप्याचा पालक

मी एक जुनी सिमेंटची कुंडी आहे, मित्रांनो. अंगाने बेढब, काठाला फुटकी, पण तोंडाला कुलूप नाही.

एका शिंप्याने मला तीन मजले चढवून या गॅलरीत आणलं. सकाळी माझ्यातला पालक खुडायचा आणि मग मशीनवर बसायचं, असा त्याचा नेम होता. पुढे बायको गेली, मशीन विकलं, डोळे अधू झाले. तरी म्हातारा पानं चाचपून खुडायचा. "अजून माझ्या हातचं खातात गं सगळी," असं मला ऐकवायचा. तेवढाच तोरा उरला होता त्याचा.

सुनेच्या मात्र मी डोळ्यांत खुपायचे. "पालक बाजारात ढीगभर मिळतो. आपण सक्युलंट लावू. दिसायला छान आणि मरता मरत नाहीत."

"बाबांना विचारू का?" मुलगा म्हणाला.

"त्यांना दिसतंय काय?"

दोघंही हसली. म्हातारा दारामागेच बसला होता. डोळे गेले होते, कान नव्हते गेले.

पालक मुळासकट उपटला. त्या जागी ती गुबगुबीत शोभेची झाडं आली, कुणाच्या पोटाला न लागणारी. म्हाताऱ्याला रिकामे हात सोसेनात. तो रोज तांब्याभर पाणी ओतायचा. पालक ज्याने जगला, त्यानेच ती कुजली.

"न मरणारी झाडंही मारलीत, बाबा! धन्य आहे तुमची!"

मग माझ्यात प्लॅस्टिकची झाडं खोचली आणि म्हाताऱ्याला सांगितलं, "पुन्हा पालक लावलाय, घाला पाणी." एव्हाना त्याला एकट्याने चालवत नव्हतं. नात त्याला हात धरून आणायची आणि हसू दाबत मोबाइलवर शूटिंग करायची. जेवताना सून बाजारची भाजी वाढायची. "तुमचाच पालक हं, बाबा." मला असा संताप यायचा! सगळ्यांच्या पायांवर पडावंसं वाटायचं, पूर्ण वजनानिशी.

काल नात फोन आणायला आत गेली, तेव्हा त्याने एक पान चिमटीत धरलं. जन्मभर चिमटीत कापड ओळखलेला माणूस तो!

"पहिल्याच दिवशी कळलं गं मला," तो पुटपुटला. "पण तसं सांगितलं तर मला इथवर कोण आणेल?"

आणि त्याने तांब्या पुरता रिकामा केला.

ते पाणी खालच्यांच्या गॅलरीत गळतं. त्यांनी तक्रार केली, म्हणून आज संध्याकाळी मला कचऱ्यात टाकणार आहेत. मित्रांनो, तुम्ही कुंडीत शोभेचं लावा, नाहीतर पोटाचं लावा. माझंही काही नाही, सिमेंट कुठेही पडून राहतं. पण उद्या सकाळी तो तांब्या भरून बसेल. त्याला कुणीतरी गॅलरीत न्या.