पावाच्या खोक्याचा रंग

दर मंगळवारी सकाळी दहाच्या ठोक्याला डिझायनर इंटरनेटवरच्या आपल्या पानावर एक युक्ती टाकायचा. घरी बसून एकट्याने कामं करणारा माणूस, पण पान वाचणारे अकरा हजार. कडेला जागा सोडा. अक्षरं दोनच प्रकारची वापरा. पोस्टर भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून वाचा. तुम्हाला वाचता आलं नाही, तर रस्त्यावरच्या माणसाला काय कपाळ वाचता येणार? आणि सगळ्यात गाजलेली युक्ती म्हणजे, "आधी काळ्या-पांढऱ्यात करा. तिथे उभं राहिलं तर रंगात पळेल." लोक म्हणायचे, वा, काय शिस्त आहे! शिस्त कसली डोंबलाची! त्याला लाल, हिरवा, तपकिरी यांतला फरकच कळायचा नाही. जन्मापासून.

हे फक्त त्याच्या ताईला ठाऊक होतं. ताई नऊ वर्षांनी मोठी, दोन गल्ल्या पलीकडे तिचं कपडे दुरुस्त करून देण्याचं दुकान. लहानपणी तिने त्याच्या रंगीत पेन्सिलींना ब्लेडने खाचा पाडून दिल्या होत्या. लाल पेन्सिलीला एक, हिरवीला दोन, तपकिरीला तीन. नाहीतर पोरगा हिरवी माणसं आणि लाल झाडं काढून मोकळा व्हायचा. आता खाचांच्या जागी फोन आला होता. संगणकात रंगांना नंबर असतात हो, पण रंग डोळ्याला कसा लागतो हे नंबर थोडाच सांगतो? म्हणून तो दोन नमुने पाठवून विचारायचा, "ताई, पहिला की दुसरा?"

"पहिला विटकरी, दुसरा डाळिंबी. पहिला घे. आणि जेवलास का?"

"कुणाला बोलू नकोस हं."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ताई म्हणायची आणि फोन ठेवायची.

तर झालं असं. बेकरीवाल्या बाईंचं दुसरं दुकान शनिवारी उघडणार होतं. त्यांना पाचशे खोकी हवी होती, खरपूस भाजलेल्या पावाच्या रंगाची. त्याने दोन नमुने केले, ताईला पाठवले. ताई म्हणाली, "दुसरा. एकदम खरपूस." तोच छापायला गेला. सोमवारी खोकी बेकरीत पोचली आणि तासाभरात बाई एक खोकं हातात धरून, धापा टाकत त्याचा जिना चढून आल्या.

"हा कुठला रंग म्हणायचा?"

"तपकिरी," तो म्हणाला. तोही अगदी ठासून.

"तपकिरी? अहो, शेवाळ आहे हे शेवाळ! पावाला बुरशी आल्यासारखं दिसतंय. गिऱ्हाईक खोकं उघडायच्या आधी नाक दाबेल!"

त्याच्या तोंडातून भलतंच निघून गेलं, "छापखान्यात काहीतरी गडबड झाली असणार."

"असं? मग उद्याच्या मंगळवारी लिहा तसं पानावर. हाच छापखाना चांगला म्हणून तुम्हीच अकरा हजार लोकांना सांगितलं होतंत. मीही तुमच्या शब्दावर गेले." बाई खोकं टेबलावर आपटून निघून गेल्या.

छापखानेवाला सरळ माणूस होता. पाठवलं ते छापलं, एवढाच त्याचा गुन्हा. डिझायनरने खोकं उचललं आणि तडक ताईचं दुकान गाठलं. ती दारातल्या उजेडात मशीनवर बसली होती. खोकं तिने हातात घेऊन फिरवलं.

"छान आलंय की! सांगितलं नव्हतं, खरपूस म्हणून?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याचं लक्ष मागच्या फळीवर गेलं. दोऱ्याच्या प्रत्येक रिळावर कागदाची चिठ्ठी चिकटवली होती. हिरवा. मेंदी. तपकिरी. ठसठशीत काळ्या अक्षरात, आणि अक्षर ताईचं नव्हतं.

"ताई, कधीपासून?"

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "होतील दोन वर्षं. सगळं चहात बुडवून काढल्यासारखं दिसतं. मोतीबिंदू आहे म्हणे. दोरेवाला देतो चिठ्ठ्या लावून. त्याला म्हटलं, वयाने विसरायला होतं."

"दोन वर्षं! अगं, मला सांगायचं नाही? मी रोज रंग विचारत होतो तुला!"

"म्हणून तर नाही सांगितलं," ताई म्हणाली. "रंग विचारायचा नसता, तर तू फोन कशाला केला असतास?"

खरंच होतं. रंगाशिवाय त्याने तिला शेवटचा फोन कधी केला, त्याचं त्यालाच आठवेना. लाजेने त्याचे कान तापले.

"आता रडू नकोस," ताईने दटावलं. "उद्या सरळ लिही, बहिणीने रंग चुकवला. त्या छापखानेवाल्याच्या पोटावर पाय नको देऊस."

"आणि मग कपड्याच्या रंगाचा दोरा जुळवून घ्यायला तुझ्याकडे कोण येईल?"

ताईने मशीनचं चाक पुन्हा फिरवलं. तो खोकं घेऊन घरी आला.

मंगळवारी सकाळी दहा वाजता त्याने त्या खोक्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "हा रंग तपकिरी हवा होता. मला तपकिरी आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, कधीच दिसले नाहीत. आधी काळ्या-पांढऱ्यात करा, असं मी सांगतो ते म्हणूनच. छापखान्याने मी पाठवलं तेच छापलं. चूक माझी आहे. आजची युक्ती: जे आपल्याला दिसत नाही, ते गिऱ्हाइकाला आधी सांगून टाका." ताईचा त्यात शब्दही नव्हता.

मग काय, नुसता गदारोळ. आंधळ्याची चित्रशाळा, असं कुणीतरी लिहिलं. ठरलेली दोन कामं दुपारपर्यंत हातची गेली. बेकरीवाल्या बाईंचा फोन संध्याकाळी आला. म्हणाल्या, "ते राहू दे. माझ्या खोक्यांचं काय ते बोला."

त्याने सुचवलं, खोक्याभोवती खाकी कागदाची रुंद पट्टी, त्यावर नुसती काळी अक्षरं. हिरवं फक्त कडेला दिसेल. पट्ट्या छापखानेवाल्याने स्वतः आणून दिल्या. जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. बेकरीच्या मागच्या खोलीत बाई, तो आणि ताई अशा तिघांनी बसून पाचशे खोक्यांना पट्ट्या गुंडाळल्या. त्यातही ताईचा हात सगळ्यात चलाख, तिला बघावं लागतच नव्हतं.

पुढच्या महिन्यात ताईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ती पहिल्यांदा त्याच्याकडे आली, काळा चष्मा वर केला आणि दारातच थबकली.

"अरे मेल्या, भिंत पोपटी कशाला रंगवलीस?"

"बदामी आहे ती. गेल्या वर्षी तूच निवडलीस."

ताई हसायला लागली ती थांबेचना. "हसवू नकोस, डोळ्यावर ताण येतो," असं म्हणत तीच हसत होती.

पान वाचणाऱ्या कुणीतरी त्याला रंग ओळखणारं ॲप सुचवलं होतं. कॅमेरा धरला की रंगाचं नाव सांगतं, चुकत नाही. त्याने ते घेतलं. मंगळवारची युक्ती टाकायच्या आधी नव्या कामावर धरलं, नाव वाचलं, आणि ताईला फोन लावला.

"काय रे? यंत्र बिघडलं का तुझं?"

"नाही, चालतंय."

"मग कुठला रंग विचारायचाय?"

"रंग नाही गं," तो म्हणाला. "जेवलीस का?"

पलीकडे मशीन थांबल्याचं त्याला ऐकू आलं.